दोन नंबरची डिस्क

लॅपटॉपमध्ये अपडेट चालू झालं की चाचा खुर्चीतून उठायचे, भिंतीवरच्या बोर्डाजवळ जायचे आणि स्विचवर तळवा आडवा धरून उभे राहायचे. सात मिनिटं लागोत की वीस. गिऱ्हाईक ओरडो, मोबाइल वाजो, दुसऱ्या हातातला चहा थंड होवो, तळवा काही हलायचा नाही.

"झाल्याबिगर हात काढाचा नाई, भाऊ."

ऊर्जानगर वसाहतीच्या फाटकाबाहेर, कंपनीच्या बस थांबतात तिथे त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि शेजारी चहाची टपरी. मी वीज केंद्राच्या ऑफिसात कामाला. ड्यूटी सुटली की टपरीवर टेकायचो आणि चाचांकडे बघत बसायचो. लॅपटॉपला बॅटरी असताना स्विच कशाला धरायचा, हे मला बरेच दिवस उमगत नव्हतं. शेवटी विचारलंच.

"एका मास्तरचा लॅपटॉप होता. बॅटरी मेलेली. अपडेट चालू, अन् एकानं पंखा समजून दुसरंच बटन दाबलं. मशीन थंडी पडली. विंडोजच्याबी आधी जे जागं होते ना, त्याले फर्मवेअर म्हंतेत. तेच अर्धं रायलं. मास्तर माह्यासमोर रडला."

ते मशीन चाचांनी नागपूरला चार खेपा करून जिवंत केलं. त्यानंतर तो तळवा स्विचवर गेला तो कायमचा.

त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करत. वडिलांचं डोळ्याला लावायचं भिंग चाचा लॅपटॉपसाठी वापरत. ते कपाळावर सरकवून आधी गिऱ्हाइकाची उलटतपासणी व्हायची. पडला का? पाणी सांडलं का? वर मांजर बसते का? "आधी इचारू, मंग खोलू," हे त्यांचं पालुपद. पोंभुर्ण्याचे एक शेतकरी लॅपटॉप तापतो म्हणून घेऊन आले होते. तो ठेवता कुठी, तर गादीवर. "मंग पाटावर ठेवा," म्हणाले चाचा, आणि न उघडताच मशीन परत दिलं. बिचारे शेतकरी बसची दोन तिकिटं हातात घेऊन बघतच राहिले.

मला सुट्टीत जंगलात फिरून व्हिडिओ काढायचा नाद आहे. फाइली मोठ्या, लॅपटॉप नवा पण डिस्क छोटी. चाचांनी दुसरी, मोठी आणि वेगवान डिस्क बसवून दिली. वेग मोजून पडद्यावरचा आकडा, सेकंदाला किती एमबी तो, माझ्याकडून वहीत लिहून घेतला. सात हजार. "ध्यानात ठेवा. उद्या भांडाले कामी येइन."

भांडायला महिनाभरात गेलो. फाइली रखडत होत्या. मीच वेग मोजला तर निम्माही भरेना. टपरीवर दहाबारा माणसं होती, चहा हातात होता, आणि मला जोर चढला.

"चाचा, दोन नंबरचा माल लावला ना?"

टपरी हसली. चाचा नाही हसले. त्यांनी भिंग कपाळावर सरकवलं. "बीचमधी काई अपडेट मारलं का, भाऊ?"

"नाही," मी ठणकावून सांगितलं.

त्यांनी मशीन चालू करून आत कुठेतरी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग माझी डिस्क काढून स्वतःच्या लॅपटॉपमध्ये घातली. सात हजार. मला वाटलं, हातचलाखी. माणसाला एकदा संशय धरायचाच असला की डोळ्यांचाही उपयोग होत नाही.

गर्दी पांगल्यावर हलक्या आवाजात म्हणाले, "गाडी तीच, सडक तीच. पन जंगलाच्या फाटकावरच्या गार्डाले कोनी सांगून देलं, का वीसच्या वर जाऊ देवाचं नाई, त गाडी काय करन? फर्मवेअर म्हंजे तो गार्ड. जुनं परत टाकू देत नाई लॅपटॉपची कंपनी. नवा आदेश येइन, तवा सोडन तो."

लॅपटॉप परत देताना त्याच्या पोटाला पांढरी पट्टी चिकटवली आणि वर पेनाने लिहिलं, ‘डिस्क चांगली हाय. आदेश येइन.’

मी ती पट्टी लोकांना दाखवून हसवत राहिलो. हळूहळू टपरीवर लोक त्यांना ‘दोन नंबर चाचा’ म्हणायला लागले. आधी मागून, मग तोंडावर. डिस्क बदलायला येणारे पुढे चंद्रपूरला जाऊ लागले. चाचा मात्र मी दिसलो की तेवढंच विचारायचे, "आला का आदेश?" मला वाटायचं, म्हातारा चेष्टा करतोय.

यंदाच्या उन्हाळ्यात चाचा गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉपवर सूचना आली. नवं फर्मवेअर. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, आधीच्या अपडेटमुळे घटलेला डिस्कच्या जोडणीचा वेग पूर्ववत केला आहे. आधीचं अपडेट? मी नोंदी उघडल्या. ते माझ्या हातूनच झालं होतं, डिस्क बसवल्यावर नवव्या दिवशी. कुठल्याशा ‘होय’वर बोट दाबून मी विसरून गेलो होतो. चाचांना ते मी भांडलो त्याच दिवशी दिसलं होतं, आणि दहाबारा माणसांसमोर त्यांनी मला खोटं पाडलं नव्हतं. मला लाज वाटली, सरळ सांगतो.

अपडेट चालू केलं. बॅटरी भरलेली होती. बायकोने विचारलं, "भिंतीपाशी काऊन उभे आहा?" तेव्हा मला कळलं की माझा तळवा स्विचवर आहे. झाल्याशिवाय मी तो काढला नाही.

सात हजार.

संध्याकाळी टपरीवर गेलो. चाचांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. मी लॅपटॉप पालथा करून पट्टी सगळ्यांसमोर धरली आणि त्या दिवशी बोललो होतो तेवढ्याच मोठ्याने सांगितलं, डिस्क चांगली होती, चूक माझी होती, चाचा खरे होते.

चहावाला कप विसळत होता. त्याने मान वर केली.

"कोन चाचा? तो दोन नंबरवाला?"

ते नाव मीच दिलेलं. मी कप खाली ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. अजून सांगतोच आहे. आता तुम्हालाही सांगितलं.