सासूचा रकाना

अमळनेरच्या आमच्या तेलगिरणीत फळ्यावर नवी नोटीस लागली, की शेंगदाणे निवडणाऱ्या बायकांतली सोनाअक्का पदर खोचून तिच्यासमोर उभी राहायची. तिला वाचता येत नव्हतं. मी टाइम ऑफिसातला कारकून, जळगावहून नुकताच आलेला. ती माझ्याकडून सगळी नोटीस वाचून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "यामा मी कोठे शे, भाऊ?" नोटिसा बहुतेक दंडाच्या असत. त्यांत ती असायचीच.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची एक नोटीस मात्र वेगळी होती. कामगार विम्याचे नियम बदलणार होते. तोवर विम्याच्या दवाखान्यात फक्त कामगाराला औषध मिळे. पुढच्या महिन्यापासून कुटुंबालाही मिळणार होतं. कुटुंब म्हणजे नवरा-बायको, मुलं आणि कामगारावर अवलंबून असलेले आईवडील. अक्काने ती दोनदा वाचून घेतली. घरी तिची म्हातारी साखरेच्या आजाराने खंगली होती. पायाची जखम चिघळत चालली होती, आणि रोजचं इंजेक्शन अक्काच्या मजुरीत परवडणारं नव्हतं.

ही म्हातारी तिची सासू. नवव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या अक्काला तिनेच न्हाऊ-माखू घालून वाढवलं. पुढे अक्काचा नवरा वारला तेव्हा माहेरची माणसं तिला न्यायला आली. पाट लावून तिचं दुसरं लग्न करून द्यायचा बेत होता. म्हातारीने अक्कालाच विचारलं, अक्का नाही म्हणाली, आणि म्हातारीने पाहुण्यांना जेवू घालून परत पाठवलं. तेव्हापासून दोघीच. अक्का तिला माय म्हणायची, गल्लीही तिला अक्काची मायच समजायची.

फॉर्म भरायला मी बसलो. म्हातारीचं नाव सांगून झालं. नातं काय विचारलं, तर म्हणाली, "माय." मी आडनाव पाहिलं, अक्काच्या सासरचंच. तेवढ्यावर थांबायचं सोडून मला शहाणपण सुचलं. मी खोदून विचारलं तेव्हा ती हसत म्हणाली, "लगीन व्हयनं तैपासून हाईच मनी माय शे." मी शाईने ठसठशीत लिहिलं, सासू. चोविशीतला हरिश्चंद्र होतो मी! अक्काने विश्वासाने अंगठा उठवला.

फॉर्म परत आला. सासू कुटुंबात बसत नाही. मी अक्काला घेऊन विम्याच्या कचेरीत गेलो. साहेबांनी शांतपणे चहा संपवला आणि विचारलं, सख्खी आई हयात आहे का. होती, पाचोऱ्याकडे, अक्काच्या भावाच्या घरी, धडधाकट. मग तिचं नाव सुचवा, पाहू, असं साहेब म्हणाले. अक्काने विचारलं, "साहेब, माय कोनले म्हनतस?" साहेबांनी नियमावर बोट ठेवलं. आता 'आई' लिहून आणलंत तर खोटा जबाब होईल, नोकरीवर गदा येईल, हेही बजावलं.

आजही आठवलं की डोकं भणभणतं. आमच्या पॅकिंगमधल्या एका गड्याने आईला घराबाहेर काढलं होतं. तिचं नाव त्याच्या फॉर्मवर बिनबोभाट बसलं. अक्काचा नवरा जिवंत असता, आमच्याच गिरणीत असता, तर हीच म्हातारी त्याची आई म्हणून पात्र ठरली असती. मुलगा मेला म्हणून तिच्या जखमेचा हक्क गेला. नियम करणाऱ्याच्या घरी सासूला कोण सांभाळत होतं, हे मला एकदा त्याला विचारायचं होतं. आणि राग त्याच्यावर काढून माझी सुटका नाही. त्याने नियम केला, पण तो शब्द मी लिहिला.

अक्का मला एका शब्दाने बोलली नाही. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात म्हातारीला नेलं, पाय कापावा लागला. तरी ती वाचली नाही.

आठवड्याने अक्का रजेचा अर्ज लिहून घ्यायला आली. घरचं कोणी वारलं तर मयताशी नातं लिहावं लागे. मी तिला न विचारताच लिहिलं, आई. काय लिहिलं ते तिने वाचायला लावलं. मी वाचलं. तिने कागद माझ्याकडे परत सरकवला.

"आते खोटं कोनासाठे लिखस, भाऊ?" ती म्हणाली. "सासू लिख."