भूगोलात ठेवलेली मुलगी

"हे कोणत्या विषयात येते, सर?"

पेनाचं टोपण दातात धरून ती असं विचारायची, तेव्हा महागावच्या आमच्या कॉलेजातली अख्खी स्टाफरूम सावध व्हायची. तुमच्याही पाहण्यात असा एखादा विद्यार्थी असेल, ज्याचा प्रश्न ऐकला की मास्तरला एकदम घड्याळ आठवतं.

ती तांड्यावरची. दिवाळी झाली की तिचे आईबाप ऊस तोडायला पश्चिमेकडे जायचे, ते उन्हाळ्यातच परतायचे. मागे ही आणि दोन धाकटी भावंडं. दहाव्या वर्षापासून चूल तिच्याकडे. बी.ए. होता होता तिने ठरवून टाकलं होतं की, एम.ए. करायचं आणि पुढे स्थलांतरावर संशोधन करायचं. विषय तेवढा ठरत नव्हता. अर्थशास्त्राचे सर म्हणाले, "मजुरी आली म्हणजे आमचाच विषय."

"मजुरी तं जाणाऱ्याईची, सर. मांगं राह्यतेत त्याईचं कोण शिकवते?"

एकदा म्हणाली, "जाताना लोक कुलूप दोनदा ओढून पाह्यतेत, पण कुत्र्याले काहीच सांगत नाईत. ते महिनाभर दारातच बसून राह्यते. हे कोणत्या विषयात येते?"

"पशुवैद्यकात!" अर्थशास्त्राचे सर खो खो हसले. आम्ही सगळेच हसलो. तीही हसली. मग टोपण पेनाला लावत हळूच म्हणाली, "मी बी तशीच बसत होती, सर."

तास झाल्याची घंटा झाली, तेव्हा सुटल्यासारखे आम्ही उठलो.

त्या वर्षी नागपूरला समाजशास्त्राच्या प्रवेशयादीत तिचं नाव लागलं. वसतिगृहही मिळत होतं. आता माझं ऐका, मी भूगोलाचा मास्तर. आमच्याकडे भूगोलाचं एम.ए. नुकतंच सुरू झालेलं, आणि पोरं काही मिळत नव्हती. पोरं नाहीत तर वर्ग बंद, आणि वर्ग बंद तर माझी बदली. ती यादीचा कागद घेऊन माझ्याकडे आली आणि मी आपल्याच पोळीवर तूप ओढून घेतलं.

"स्थलांतर म्हणजे काय गं? जागा बदलणं. आणि जागा म्हणजे भूगोल! शिवाय नागपूरला तुझं आहे कोण?"

"कोणी नाई." तिने कागदाची घडी घातली. "तुम्ही म्हणता तं भूगोल."

इतक्या सहज तिने माझं ऐकलं. मला तेव्हा त्याचा आनंदच झाला, हे कबूल करतो.

वर्षभरात वर्ग बंद पडायचा तो पडलाच. दुसऱ्या वर्षाला यवतमाळला जा, असं पोरांना सांगण्यात आलं. माझी बदली काही झाली नाही. तिचा बाप मात्र म्हणाला, पुरे झालं शिक्षण. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते. त्या जोडीलाच कोयता म्हणतात. दिवाळीआधी घाईघाईने तिचं लग्न लावलं आणि तिचाही कोयता झाला.

ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या त्या दिवशी स्टँडजवळ मला ती दिसली. ट्रकवर भांडी, गोधड्या, माणसं. मला पाहून ती खाली उतरली आणि पाया पडली. तिच्याकडे बघवेना. पदराशी चाळा करत तिने विचारलं,

"सर, एक इचारू? त्या वर्षी मी नागपूरले गेली असती, तं झालं असतं का माहं एम.ए.?"

झालं असतं. इतकी हुशार मुलगी मी वर्गात दुसरी पाहिली नाही. तिथे तिचं नुसतं एम.ए. नाही, सगळंच झालं असतं. हे मला त्या कागदाची घडी पडली तेव्हाही ठाऊक होतं.

"नाही गं," मी म्हणालो. "तिथंही असंच झालं असतं."

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"मंग बरं झालं, सर," ट्रकवर चढत ती म्हणाली. "लय दिवसाची रुखरुख होती माह्या मनात. गेली आता."