सरळ बसवलेले स्टेअरिंग

ग्रीस आणि नवी नागली, म्हणजे नाचणी. हे दोन वास एरवी एकत्र येत नाहीत. सुरगाण्याकडच्या एका घाटात, दिवाळीनंतरच्या कोवळ्या उन्हात, ते मला एकत्र आले. आज निवृत्तीनंतरही गॅरेजवरून जाताना मी नकळत नागलीचा वास शोधते, आणि ती सकाळ पुन्हा समोर उभी राहते.

जीप डावीकडे रस्ता सोडून दरीत घसरली होती आणि दोन सागांच्या मध्ये अडकली होती. मागच्या सीटवरचे पोते फुटून नागलीचे तांबूस दाणे चाकांच्या ग्रीसला चिकटले होते. पुढे डाव्या बाजूला बसलेला जीपमालक खडकावर फेकला जाऊन जागीच गेला होता. चालक उजवीकडून रस्त्यावर पडला होता. त्याचे कोपर खरचटले होते आणि उजव्या मनगटाला हळदीने पिवळे झालेले फडके बांधलेले होते, एवढेच. नव्वदच्या दशकाची ती अखेर होती. मी उपनिरीक्षक होते आणि तपास माझ्याकडे आला.

निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा नोंदवला. दुसऱ्या दिवशी हजेरी चालू असतानाच ठाण्यात फोन वाजला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "मॅडम, तो अपघात नाय. आठ दिवसांमागं दोघांचं लय मोठं भांडण झालं. 'तुमच्या गाडीला हात लावणार नाय,' असं म्हणला होता ड्रायव्हर. आता मालक गेला, आन् ह्याला नुसतं खरचटलं. कसं काय?"

प्रश्न माझ्याही मनात होताच. त्यातच मोटार वाहन निरीक्षकांचा अहवाल आला: ब्रेक कार्यरत, स्टेअरिंगची जोडणी अखंड, यांत्रिक बिघाड नाही. यंत्र निर्दोष ठरले की माणूस दोषी ठरतो, असा त्या वेळचा माझा हिशेब होता. मी खुनाचे कलम वाढवले आणि चालकाची पोलीस कोठडी घेतली.

तो पस्तिशीचा, डोंगरातल्या पाड्यावरचा, मितभाषी माणूस होता. त्याची बायको रोज पहिल्या जीपने येऊन ठाण्यासमोरच्या चिंचेखाली बसे. काही मागत नसे, कुणाशी बोलत नसे.

"भांडण झालं होतं की नाही?" मी विचारले.

"झालतं, बाई."

"कशावरून?"

"गाडीवरनं. गाडी आयकत नाय. डावीकं लय वढते."

जबाब लिहिणारे हवालदार हसले. "गाडी काय म्हैस हाय का रे, आयकायला? दावणीला बांधून ठेवायची मग!"

तो हसला नाही. "वळणावर चाक परतच येत नाय. धरून धरून हात ग्येला."

हवालदारांनी पेन थांबवले. "मॅडम, हे लिहू?"

"नको. गाडीचा अहवाल आलाय. भांडणाचं तेवढं लिहा." आणि त्याच्याकडे वळून मी म्हणाले, "गाडीचं नको सांगूस. तुझं सांग."

तो गप्प झाला. ते मौन मी अपराध्याचे मानले. आम्हां पोलिसांना मौनाचा एकच अर्थ लावायची सवय असते.

कोठडीची मुदत संपत आली होती. दुपारी मी आवारात उभ्या असलेल्या जीपपाशी टेकले. डोंगरातल्या दगडांना पोट लागू नये म्हणून ती हातभर उंच करून घेतलेली होती. स्प्रिंगचे पाटे वाढवलेले, टायर रुंद आणि नवे. सहज म्हणून मी पुढच्या टायरवर, नक्षीला आडवा, तळवा फिरवला. बाहेरून आत जाताना तो गुळगुळीत लागला. आतून बाहेर येताना मात्र रबराच्या धारा तळव्याला करवतीच्या दातांसारख्या टोचल्या. मी चमकून हात मागे घेतला. दुसऱ्या टायरवर फिरवला. तेच. इतके नवे टायर असे एका दिशेने का झिजावेत?

नाशिकमध्ये द्वारकेजवळ चाकांची अलाइनमेंट करणारे, म्हणजे चाके एका रेषेत बसवून देणारे, एक वृद्ध कारागीर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. रीतसर पत्र देऊन, पंचांसमक्ष त्यांना बोलावले. चाचांनी पिशवीतून सुतळी काढली, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणून धरली आणि मला जवळ बोलावले. सुतळी आणि पुढच्या टायरच्या कडेमध्ये दोन बोटे सहज जात होती.

"देखो मॅडम. एक चाक रस्त्याकडे बघतंय, दुसरं दरीकडे. गाडी उचलली की पुढची चाकं आपली जागा सोडतात. परत बसवावी लागतात. ह्यांनी गाडी उचलली, चाकांना विचारलंच नाही."

"दरीत घसरताना वाकलं असेल."

"चाकं जोडणारी ही सळई बघा, सरळसोट आहे. आणि टायर काय एका दिवसात असे झिजतात? हे महिन्याभराचं काम आहे."

"पण चाचा, मग स्टेअरिंग वाकडं दिसायला हवं. ते तर सरळ आहे!"

चाचांनी स्टेअरिंगच्या मधली हॉर्नची टोपी उचकटली. आतल्या नटावर पान्याचे ताजे, चकचकीत ओरखडे होते. "सरळ नाही, सरळ बसवलंय. ते काढून, फिरवून, पुन्हा सरळ लावलंय. बीमारी तशीच आहे मॅडम, फक्त तोंड धुतलंय."

 कोठडीच्या खिडकीतून चालक आमच्याकडे पाहत होता.

जीप उंच करणारा मिस्त्री तालुक्याच्या रस्त्यावरच्या त्याच्या गॅरेजातच सापडला. मी समोर उभी राहताच त्याच्या हातातला पाना खाली पडला आणि त्याने तोंड उघडताच मी त्याचा आवाज ओळखला. फोनवरचा माणूस तोच होता.

"फोन मीच केलता, मॅडम," तो म्हणाला. "भांडण इथंच झालं, माझ्यासमोर. ड्रायव्हर म्हणे, नाशकाला नेऊन चाकं दाखवा, नायतर मी हात लावत नाय. मालक म्हणे, दिवसभर गाडी कोण उभी ठेवील? स्टेअरिंग वाकडं दिसतं ना, मग तेवढं सरळ करून दे."

"आणि तू केलंस?"

"केलं. नंतर मालकांनी त्याला दाखवलं, बघ, झालं का नाय सरळ? तो गप बसला बिचारा, आन् परत गाडीवर आला." त्याने खाली पडलेला पाना उचलला. "आईच्यान सांगतो मॅडम, मी फसवलं नाय. स्टेअरिंग सरळ झालं म्हणल्यावर मला वाटलं, गाडी बी झाली. मग ती दरीत ग्येली कशी? म्हणून वाटलं, त्यानंच घातली."

तो खरे बोलत होता, आणि त्यानेच मी अधिक हादरले. ज्या भांडणाला मी खुनाचा हेतू समजत होते, तो त्या चालकाने मालकाचा जीव वाचवण्यासाठी घातलेला वाद होता. पिवळ्या फडक्याखालची सूजही अपघाताची नव्हती. वैद्यकीय तपासणीत ती जुनी असल्याचे नोंदवलेले होते. कागद माझ्याच फाइलमध्ये होता. महिनाभर प्रत्येक वळणावर ते मनगट एकट्याने गाडीला रस्त्यावर धरून होते.

मी पुरावा नसल्याचा अहवाल न्यायालयात सादर केला आणि त्याची सुटका झाली. पुढच्या नोकरीत मी एक शिस्त पाळली: आरोपीचे पहिले बोलणे विसंगत वाटले, हास्यास्पद वाटले, तरी जसेच्या तसे लिहून घ्यायचे. सुबक जबाबाची मला भीती वाटू लागली. मिस्त्रीने स्टेअरिंग काढून सरळ लावले होते. मी कागदावर वेगळे काय केले होते?

पण ही समज नंतरची. सुटकेच्या दिवशी मी न्यायालयाच्या व्हरांड्यात उभी होते ती काहीशी रागातच. बायकोने पुढे केलेल्या वहाणा तो पायात सरकवत होता. मी त्याला गाठून म्हणाले, "अरे, गाडीत एवढा दोष होता, तर पहिल्याच दिवशी सांगायचंस ना! इतके दिवस आत काढलेस. गप्प का राहिलास?"

"सांगितलं व्हतं, बाई."

"कुणाला?"

त्याने मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता, तक्रारही नव्हती. विचारले म्हणून त्याने सांगितले.

"तुम्हाला."