बारा फूट काळी, सात क्विंटल कापूस

कॉम्प्युटरवर खोटे आकडे तयार करणं हे माझं काम आहे, आणि ते मी इमानदारीनं करते. अमरावतीच्या आमच्या छोट्या ऑफिसात शेतीच्या सर्वेक्षणाचे फॉर्म येतात. गावात न जाता घरीच भरलेले फॉर्म पकडायचा प्रोग्राम आम्ही लिहिला होता. त्याला आधी खऱ्या फॉर्मांसारखा नमुना दाखवायला हवा, म्हणून मी पाचशे शेतकरी जन्माला घातले. प्रत्येकाचे आकडे दोनच: वावरात काळी माती किती फूट, आणि एकरी कापूस किती क्विंटल. माती खोल तर कापूस जास्त, हे नातं कोडमध्ये नीट बसवलं. पाचशेतले कोणतेही दोघे सारखे नव्हते, आणि मी स्वतःवरच खूश होते.

मग खरे फॉर्म लावले, तर हिवरखेडकडे सर्वेक्षण करणाऱ्या एका काकूंचे बहुतेक फॉर्म लाल झाले. नऊ फॉर्मांवर तेच ते: बारा फूट, सात क्विंटल. ‘घरी बसून भरलेले’ असा शेरा मीच टाकला. तो कायम झाला असता तर काकूंचं पुढच्या हंगामाचं काम जाणार होतं, आणि गावात नाव जाणार होतं ते वेगळंच.

तिसऱ्या दिवशी काकू स्वतःच आल्या. परतवाड्याला बस बदलून, उन्हातान्हात. आधी घटाघटा पाणी प्यायल्या आणि समोर बसल्या.

“माये फॉर्म खोटे हायेत म्हून कोनं सांगतलं?”

“प्रोग्रामनं,” मी अंग काढून घेतलं.

“अन् त्याले कोनं सांगतलं?”

मी माझ्या शेतकऱ्यांची छापील यादी पुढे केली. काकूंनी चष्मा लावून एका ओळीवर बोट ठेवलं. “हा अकरा पॉइंट अडतीस सत्तेचाळीस फूटवाला कोन्या गावचा?”

“तो खरा नाही, काकू. मी बनवलाय.”

“तुमी बनोला तो खरा, अन् मी दारोदार फिरून आनला तो खोटा! काहून, मॅडम?”

आवाज जरासुद्धा चढला नव्हता, पण माझे कान तापले. त्यांनी यादी उलटी केली, माझाच पेन घेतला आणि मागच्या कोऱ्या बाजूला नऊ वावरं काढली. मधोमध एक गोल.

“हे इहीर. खोदली तवा बारा फूट काळी निंगाली, साऱ्यायनं पायली. आता कोनालेई इचारा, बाराच सांगतीन. अन् वावरं चुलतभावायचे. वेचनी एकजागी, ट्रॉली एक, वाटा सारखा. मंग साऱ्यायले सातच येईन ना!”

मी अकोल्याची. माझ्या काकांचा कापूस असाच एका ट्रॉलीत जायचा, आणि लहानपणी त्या ढिगावर मी बसलेली आहे. हे सगळं माहीत असून मला ऑफिसात आठवलं नाही, आणि चौथीपर्यंत शिकलेल्या काकूंनी ते पाच मिनिटांत कागदावर मांडलं.

त्या गेल्यावर मी कोड पुन्हा लिहायला घेतला. आधी प्रत्येक रकान्यात स्वतंत्रपणे काही आकडे पुन्हा पुन्हा पेरले. सारखेपणा आला, पण नातं तुटलं. बारा फूटवाल्याच्या पदरात तीन क्विंटल, आणि दोन फूट मुरमाड जमिनीवाला नऊ क्विंटल घेऊन बसलेला. दुपारभर मी कीबोर्डवर राग काढला. शेवटी काकूंचा नकाशा समोर टेकवून ठेवला, तेव्हा दिसलं: विहीर आणि ट्रॉली एकाच घराण्याच्या आहेत. आकडे सुटे सुटे उचलायचेच नाहीत. अख्खा शेतकरी उचलायचा, दोन्ही आकड्यांसकट, आणि त्याच्या भावांच्या ओळींत तसाच्या तसा उतरवायचा. तसं केलं. सारखेपणाही आला आणि नातंही टिकलं. एवढी साधी गोष्ट मला माझ्या दोन पदव्यांनी शिकवली नव्हती.

नव्या आकड्यांवर प्रोग्राम तयार करून काकूंचे फॉर्म पुन्हा लावले. एकही लाल झाला नाही. मी शेरा खोडला, चूक माझी होती असं खाली लिहून सही केली, आणि मोठ्या उत्साहात फोन लावला.

“काकू, तुमचे सगळे फॉर्म पास झाले!”

“माये तं पयलेच बरोबर होते,” काकू म्हणाल्या. “तुमचे झाले का पास?”