वहिनीच्या अंगावर माझा ड्रेस

वहिनी माझ्याशी गोड बोलायला लागली तेव्हाच मला वाटलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

आमचं नणंद-भावजयीचं नातं दहा-अकरा वर्षांचं. एवढ्या वर्षांत तिनं माझं एकही म्हणणं पहिल्या फटक्यात मान्य केलं नव्हतं. कालवण आंबट झालंय म्हटलं तर म्हणायची, "तुमची जीभच तशी हाय, ताई." मीही तिचं कधी ऐकून घेतलं नाही. त्यात दोघींचं बरं चाललं होतं. आणि त्या शुक्रवारी मी माहेरी अंजूरला रिक्षातून उतरले तर ही बाई मला घ्यायला रस्त्यापर्यंत आलेली. माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, "दमलात ना?" म्हणाली. जेवताना चिंबोऱ्यांच्या रश्शात मीठ कमी आहे असं मी मुद्दाम म्हणाले. मीठ अगदी बरोबर होतं. ती म्हणाली, "हो ताई, कमीच पडलंय." माझा घास हातातच राहिला.

मी नर्स आहे. पेशंट "मला काही होत नाही" म्हणाला की आधी त्याची नाडी धरायची, हे आमच्या अंगवळणी पडलेलं असतं. सासर-माहेरचे सगळे मला संशयी म्हणतात. म्हणोत बापडे. वॉर्डात माझ्या संशयानं दोन-चार माणसं वाचली आहेत, तेव्हा कुणी मला संशयी म्हटलं नव्हतं.

झालं होतं असं. मला आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली होती. नवरा भिवंडीतच एका गोदामात सुपरवायझर. त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, कधी दिवस कधी रात्र. आमची मुलगी सात वर्षांची. तिला आणि त्याला तिकडं बोलावून घ्यायला वर्ष तरी जाणार होतं, दीड वर्षही गेलं असतं. तोवर मुलगी कुठं ठेवायची? सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. माझे आई-वडील राहिले नाहीत, माहेर म्हणजे दादा आणि वहिनी. अडला हरी म्हणतात तसं. वहिनीला गाढव म्हणायचं नाही मला, पण अडलेली मीच होते. मुलगी इथं रुळावी म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीतच तिला अंजूरला आणून सोडलं. आता जाण्याआधीचे दोन दिवस मी तिच्याजवळ काढणार होते. रविवारी सकाळी इथून निघायचं, रात्री विमान.

"पोरीला विमानतळावर नका बोलवू. निरोप काय तो हितंच घ्या," हे वहिनीनंच ठरवलं होतं. दादानं नेहमीप्रमाणे मान डोलावली. मी ते मनात टिपून ठेवलं.

माझी मुलगी मला पाहिलं की धावत येऊन पोटावर डोकं आपटते. त्या दिवशी ती ओट्यावर उभी राहिली आणि शहाण्या मुलीसारखा हात हलवला. मीच धावत गेले. केसांना चापून तेल, दोन वेण्या, नवा फ्रॉक. भूक लागली का विचारलं तर म्हणाली, "न्हाय." आमच्या भिवंडीच्या खोलीत ती 'नाही' म्हणायची. महिन्याभरात माझ्या पोटच्या पोरीच्या तोंडी वहिनीचं 'न्हाय' आलं होतं. ऐकून मला कौतुक वाटायला हवं होतं. मला वाटली ती भीती.

आता एक गोष्ट सांगायला नको वाटते, पण त्याशिवाय माझी भीती कुणाला कळायची नाही. दादा-वहिनीला मूल नाही. दवाखाने झाले, औषधं झाली. शेवटच्या तपासण्या मीच माझ्या ओळखीनं करून घेतल्या आणि निकाल काय लागला ते वहिनीला मीच सांगितलं. तिनं ऐकलं, तांदूळ निवडत होती ते निवडून पुरे केले, आणि त्यानंतर तो विषय आमच्या घरात कधी निघाला नाही. पण बाईच्या मनातून तो जातो का?

शुक्रवारी संध्याकाळी वहिनीनं मला शेजारी भेटून यायला पाठवलं. शेजारच्या म्हातारीनं माझा हात हातात धरला, विमानाची, थंडीची चौकशी केली आणि मग म्हणाली, "बरं झालं बाय. तुझे भावजयीचे पदरात पोर परलं." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण माझ्या डोक्यात जे घोळत होतं ते तिनं बिनदिक्कत बोलून टाकलं. मी तिथला चहा अर्धाच प्यायले.

परत आले तर स्वयंपाकघरातून कुजबूज ऐकू येत होती. मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि ती थांबली. वहिनी भाकरीचं पीठ मळायला लागली. मुलीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, बोटांच्या फटीतून माझ्याकडं पाहिलं.

"काय बोलत होता गं?"

"काय न्हाय."

"मामीनं सांगितलं का आईला सांगायचं नाही म्हणून?"

तिनं वहिनीकडं पाहिलं. सांगू की नको हे माझ्या मुलीनं दुसऱ्या बाईच्या चेहऱ्यावर शोधलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बोलणार तरी कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

शनिवारी सकाळी आणखी एक गंमत. माझा एक आंब्याच्या रंगाचा पंजाबी ड्रेस मागच्या खेपेला इथं राहिला होता. घरात घालायला बरा म्हणून कपाटात शोधला, तर नाही. त्याच्याजवळच माझी एक जुनी पर्स असायची, तीही नाही.

"धुवून वाळत घातलाय," वहिनी म्हणाली.

मी मागच्या दारी जाऊन पाहिलं. पूर्वी तिथं आमचं भाताचं शेत होतं, आता गोदामाची पत्र्याची भिंत आहे, आणि भिंत ते घर अशी कपडे वाळत घालायची दोरी. दोरीवर दादाचे दोन शर्ट होते. ड्रेस नव्हता. आणि पर्स कुणी धुवून वाळत घालतं का?

दुपारी दादा टेम्पो घेऊन डिलिव्हरीला गेला आणि वहिनी पुन्हा मागं लागली. "मागल्या आळीत जाऊन या ना, ताई. जायच्या आधी भेटलं न्हाय तर मानसं बोलतात." मी बरं म्हणाले, चप्पल घातली, वळणापर्यंत गेले आणि माघारी फिरले. रस्त्यानं नाही आले. गोदामाच्या भिंतीच्या कडेकडेनं, चिखल तुडवत, स्वतःच्याच माहेरात चोरासारखी आले आणि घराच्या कोपऱ्याला उभी राहिले.

अंगणात वहिनी माझ्याकडं पाठ करून उभी होती. तिच्या अंगावर माझा ड्रेस. दंडात घट्ट होत होता तिला. ओढणीची दोन्ही टोकं मी टाकते तशी मागं टाकलेली. खांद्याला माझी पर्स, हातात बाजाराची भरलेली पिशवी. ओट्यावर माझी मुलगी.

"आई, नीट जा हां," माझी मुलगी तिला म्हणाली.

"येते हां, बाळा," वहिनी म्हणाली. बोलण्याचा ढंगही माझा. आणि ती फाटकाकडं चालू लागली.

फाटकापर्यंत ती पोचली असेल नसेल, मुलीनं "आई" म्हणून हाक मारली, ओट्यावरून उडी टाकली आणि धावत जाऊन ओढणी धरली. हुंदके देत होती. वहिनीनं तिला जवळ घेतलं नाही. हातभर दूर धरलं आणि म्हणाली, "न्हाय. हाक मारलीस. रडलीस पण. चल, पयल्यापासून."

मी कोपऱ्यातून बाहेर आले. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय मला नाही.

"ड्रेस झाला, पर्स झाली, आवाज झाला," मी म्हणाले. "आई व्हायचं तेवढं राहिलं होतं, तेही आज उरकलंत का, वहिनी?"

वहिनीनं पिशवी खाली ठेवली. उत्तर दिलं ते मुलीनं, नाक पुसत, माझ्यावरच वैतागून.

"आई, तू आत्ता न्हाय यायचं. आता मामी तू झालीय."

"म्हणजे काय?"

"तू जाशील ना उद्या, तेव्हा रडायचं न्हाय. मागून हाक पण न्हाय मारायची. हाक मारली की पयल्यापासून. आम्ही रोज करतो."

आमच्याकडं निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. त्याच्या वाटेला अडथळा येतो म्हणतात, आणि कुणी डोळ्यांत पाणी काढलं तर त्याहून वाईट. वहिनीचा यावर इतका विश्वास की दादाचा टेम्पो निघाल्यावर डबा घरात राहिला तर ती हाक मारत नाही, आडवाटेनं पळत पुढं जाऊन समोरून डबा देते. यावरून मी तिची आजवर पुष्कळ टिंगल केली आहे. त्या दिवशी मला टिंगल सुचली नाही.

"पण माझे कपडे कशाला?" मी विचारलं.

वहिनी ओढणी काढून तिची घडी घालत होती. "आधी साडीवर केलं. साडीत ती हसतच सुटायची. टाटा करायची न् आत पळायची. मग शिकवायचं काय? तुमचा ड्रेस घातला तेव्हा पयल्यांदा रडली. मग रोज तोच घालायला लागला."

खोटं कशाला सांगू, हे ऐकून मला आधी शरम वाटली नाही. आनंद झाला. ओट्यावर बसले आणि मुलीला ओढून मांडीवर घेतलं, तर ती सुटायला धडपडत होती, कारण तिचा सराव अर्धवट राहिला होता.

"तुमच्यावर उपकार म्हणून न्हाय करत मी, ताई," वहिनी म्हणाली. आता तिचा नेहमीचा आवाज परत आला होता आणि तो ऐकून मला बरं वाटलं. "ती रडली तर तुम्ही रिक्षातून उतरणार, मला माहीत हाय. आज न्हाय, उद्या, परवा, असं करत ऱ्हाणार. न्हायतर तिकडं जाऊन रडत बसणार. पोर हितं न् तिचं तोंड तुमच्या वाटंकडं, असलं पोर सांभाळायला मला जमायचं न्हाय."

सगळं खरं होतं. तरी माझ्या मनातलं एक कुसळ निघत नव्हतं. मी सरळ विचारलं, "ती तुम्हाला आई म्हणते तेव्हा कसं वाटतं?"

वहिनीनं घडी ओट्यावर ठेवली, तिच्यावरून हात फिरवला.

"बरं वाटतं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू."

मला राग आला आणि तिच्याबद्दल मायाही वाटली. मी अजूनही म्हणते, माझा संशय अगदीच पोकळ नव्हता. शिकवण्यासाठी म्हणून का होईना, रोज दुपारी ती बाई माझा ड्रेस घालून माझ्या मुलीची आई होत होती, आणि तिला ते आवडत होतं. दुसऱ्या कुणाच्या हाती मी मुलीला सोपवलं असतं तर त्या बाईला हे आवडलंही नसतं. मग काय केलं असतं मी?

संध्याकाळी भाकरीबरोबर सुकटीची चटणी होती. मी तिखट जास्त झालंय म्हणाले. "तुमची जीभच तशी हाय," वहिनी म्हणाली. दादा आमच्याकडं पाहून हसला, म्हणजे त्यालाही सगळं ठाऊक होतं.

रविवारी सकाळी घरात बुद्धवंदना झाली. मुलगी माझ्या शेजारी हात जोडून बसली होती, डोळे घट्ट मिटून. दादा माझ्याबरोबर भिवंडीपर्यंत येणार होता. रिक्षा फाटकाबाहेर उभी राहिली, तो बॅगा ठेवायला पुढं गेला. वहिनी साडीत होती. मुलगी न सांगता ओट्यावरच्या आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

"आई, नीट जा हां."

"येते हां, बाळा," मी म्हणाले, आणि चालू लागले.

फाटकापर्यंत एवढंसं अंतर, पण मला ते संपेना. पाठीमागं कान लावून चालत होते. हाक यावी असं मला वाटत होतं, अगदी मनापासून. आई म्हणून हे बोलायला नको, पण तिचं चुकावं असं वाटत होतं. ती चुकली नाही. मी रिक्षात बसले, मग मात्र पाहिलं. मुलगी ताठ उभी होती, ओठ आवळलेले, एक हात वर. डोळे कोरडे होते.

आवाज आला तो वहिनीचा. तिनं तोंडात पदर कोंबला होता, तरी हुंदका बाहेर पडला, आणि मग तिला आवरेना. ती ओट्याच्या कडेवर मटकन बसली. मुलीनं वर केलेला हात खाली घेतला. वहिनीकडं वळून पाहिलं. तिला राग आलेला दिसला नाही. रोज वहिनी तिला समजावत असेल तसं तिनं वहिनीला समजावलं.

"मामी, तू रडलीस. आता पयल्यापासून."

मग ती पुन्हा आपल्या जागेवर सरळ उभी राहिली आणि माझ्याकडं पाहत, मी रिक्षातून उतरायची वाट बघू लागली.

"चला," मी रिक्षावाल्याला म्हणाले.