डोक्यावरचा खलबत्ता

रोज सकाळी दहा वाजले की माझ्या टेबलावरचा चहा कपातल्या कपात थरथरतो. वरच्या मजल्यावरच्या काकू दाण्याचं कूट करायला बसलेल्या असतात. घरात मिक्सर आहे, पण त्यातलं कूट तेलकट होतं म्हणे. म्हणून लोखंडी खलबत्ता, आणि तोही बरोबर माझ्या डोक्यावर!

खिडक्यांच्या फटी बुजवल्या, जाड पडदे लावले, कानात कापसाचे बोळे घातले. पण हा आवाज खिडकीतून येतच नाही. तो भिंतीतून उतरतो आणि थेट दाढेत जाऊन बसतो. फ्लॅट घेताना आपण पाणी किती वेळ येतं ते विचारतो, पार्किंग विचारतो. आपलं छत म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी जमीन असते, हे मात्र राहायला आल्यावरच कळतं.

परवा शेवटी जुन्या गोधडीची चौघडी घेऊन वर गेलो. पण काकूंचा हसरा चेहरा पाहिला आणि आवाजाचा विषय काढायची भीड वाटली. "कुटताना खाली घालायला आणलीय," एवढंच पुटपुटलो. काकूंचे डोळे भरून आले. "इतकं कोण करतं हो कुणासाठी!" म्हणत त्यांनी वाटीभर कूट हातावर ठेवलं.

काल अकरा वाजून गेले तरी दणके थांबेनात. तणतणत वर गेलो. दार उघडंच होतं. खलबत्ता उघड्या फरशीवर, आणि माझ्या गोधडीवर काकू ऐसपैस बसलेल्या.

"या, या! आधी गुडघे दुखायचे म्हणून कसंबसं उरकायचे. तुमच्या गोधडीमुळे आता कसं निवांत कुटता येतं!"