हिरामावशीच्या टोपलीतून

नवऱ्याने लाटण्याने माझं मनगट मोडलं, तेव्हाही मी म्हणाले, "गणपती झाले की निघते."

त्याआधी नणंदेचं लग्न होतं. त्याआधी मुलीचं जावळ.

ऐंशीच्या दशकातली अंधेरीची चाळ. मार सगळ्यांना ऐकू जायचा. लोक रेडिओचा व्हॉल्यूम वाढवायचे.

आज सकाळी हिरामावशी गेली. वर्सोव्याची कोळीण, आमच्या दारावर मासळी घेऊन यायची. माझ्या माहेरच्यांनी जे केलं नाही ते हिने केलं.

माझं प्लॅस्टर बघून तिने विचारलं, "कवा जाशील?"

"गणपती झाले की."

तिने सणसणीत कानाखाली दिली.

"माजी पोर बी हेच बोलली. दिवाली झाली का येते, आये. दिवालीच्या आदल्या दिवशी चादरीत गुंडालून आनली तिला."

लोक म्हणतात, टाळाटाळ म्हणजे आळस. अहो, मी पहाटेपासून राबत होते, कसला आळस? भीती वाटायची, आणि त्या भीतीला मी रोज नवं कारण शोधून द्यायचे. निघायचं म्हटलं की अख्खा संसार डोळ्यांपुढे यायचा आणि मी परत कामाला लागायचे.

मावशी म्हणाली, "सगलं नको. येकच वस्तू दे. पन आज दे."

त्या दिवशी माझं दहावीचं सर्टिफिकेट दिलं. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, टोपलीत सुकटीच्या खाली ते तिच्या घरी गेलं.

दुसऱ्या दिवशी मुलीचा जन्मदाखला. मग एक साडी. मग दुपटी.

टोपली डोक्यावर चढवायला कुणाचा तरी हात लागायचा. एकदा नवऱ्यानेच उचलून दिली. वर म्हणाला, "मावशी, उद्या बोंबील आण."

मावशी शांतपणे "आनते" म्हणाली.

मला मात्र बजावलं, "श्रावन लागला का कोन मासली घेते? मंग मी दारात येनार नाय. त्याच्या आत नीघ."

आषाढ अमावास्येला नवरा दुपारीच पिऊन आला. मुलीला कडेवर घेऊन मी दाराशी उभी, समोर मावशी टोपली उतरवून बसलेली. त्याने केस धरले आणि माझं डोकं चौकटीवर आपटलं.

एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मला दिसेना, डोळ्यांत रक्त आलं होतं.

मावशीने टोपलीतल्या कोयत्याची मूठ त्याच्या हातावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज आला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

"चल."

आणि मी काय म्हणाले माहितेय? "तव्यावर भाकरी आहे, तेवढी उलटून येते."

"जलू दे."

मुलुंडला माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या दारात पोचेपर्यंत तिने माझा दंड सोडला नाही.

आजही एखादं काम टाळावंसं वाटलं की त्यातलं सगळ्यात लहान काय ते शोधते आणि लगेच उरकते. बाकीचं मग होतं.

मावशी, स्वतःच्या पोरीला वेळेत आणता आलं नाही, हे तुझ्या मनातून कधी गेलं नाही. मला माहीत आहे.

माझी मुलगी आता चाळिशीची आहे. तिला त्या घरातलं काहीच आठवत नाही.

नीट जा, मावशी.